चौकटीवर दोनदा

९ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले, पण हातातला पाना खाली ठेवायला सवड मिळाली नाही. आता बातमी ऐक. आईच्या इमारतीतली सगळी दारं बदलायचं काम मला मिळालं. चोवीस घरं, चोवीस दारं. चौथ्या मजल्यावर भरदिवसा चोरी झाल्याचं तुला मागे कळवलं होतं. चोराला कुलूप तोडावंही लागलं नाही. त्याने खांद्याने एक धक्का दिला आणि चाळीस वर्षांची चौकट भिंतीतून निघून आली. तेव्हापासून सगळ्यांच्या जिवाला घोर लागला होता. त्यात आगीच्या तपासणीवाल्यांनी जुनी दारं काढा म्हणून लेखी दिलं, मग सभा भरली. तेवीस हात वर गेले. एकटे आईच्या समोरचे घड्याळवाले काका आडवे आले. म्हणाले, लाकडाला जीव असतो, पत्र्याला नसतो. सगळे हसले. आईने माझ्यासाठी हात वर केला, तोही त्यांच्याच शेजारी बसून. काकांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि चष्मा पुसत बसले.

नमुना म्हणून पहिलं दार आईचं बसवलं. दोन्ही बाजूंना जाड पत्रा, आत ठासून भरलेली लोकर, लोखंडी चौकट, आणि तीन ठिकाणी आत जाणारं कुलूप. बाकीच्यांना कडेने एक रबर मिळेल. आईच्या दाराला मी दोन घातली, शिवाय खाली एक पट्टी बसवली. दार लागलं की ती आपोआप उंबऱ्यावर उतरते. थंडीत दाराखालून वारं येतं आणि आईचे गुडघे धरतात, असं तू दर पत्रात लिहितेस ना, ते आता लिहायचं नाही.

माझा जोडीदार तुला आठवत असेल, वस्ताद. आता त्याची साठी उलटली आणि डाव्या कानाने काही ऐकू येत नाही. दार बसवताना तो बाहेर आणि मी आत असतो, मध्ये बंद दार. हाका मारून घसा बसतो, म्हणून आम्ही हातोडीच्या दांड्याने चौकटीवर वाजवतो. एकदा वाजवलं की थांब, दोनदा वाजवलं की बसलं. वस्ताद कान लावतच नाही. तळहात चौकटीवर ठेवून उभा राहतो आणि त्याला बरोबर कळतं.

आईचं जुनं दार उतरवताना एक गोष्ट दिसली. आतल्या बाजूला, कडीच्या वीतभर वर, बटणाएवढ्या जागेचं पॉलिश पार उडालेलं आहे. तिथं ना कडी, ना खिळा, ना काही टांगायची सोय. बाहेरच्या बाजूलाही तसाच एक डाग, जरा वर. पंचवीस वर्षं दारं उतरवतोय, पण अशी झीज कशाने होते ते मला सांगता येईना. दार मोडीत घातलं नाही. कारखान्यात आडवं टाकून त्याचं कामाचं टेबल केलं.

तर आता आईला तिथून हलवायचा विषय काढू नकोस. एवढं भक्कम दार असताना तिला कसली भीती?

तुझा बारक्या


२१ सप्टेंबर

बारक्या,

पन्नाशीला आलास तरी पत्राखाली बारक्याच लिहितोस, बरं वाटतं. तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं. समोर टेबलावर एका म्हाताऱ्या गृहस्थांची कवळी घासायची पडली होती, ती तशीच राहिली. तू दारं बसव, मी दात बसवते. आपल्या घराण्याला उघडझाप करणाऱ्या वस्तूच लाभल्या.

दाराचं वाचून जीव भांड्यात पडला. मी राहते तिथेही असंच दार आहे. वारा नाही, धूळ नाही, कोणाचा आवाज नाही. घरात शिरून दार लावलं की जग तिकडे आणि आपण इकडे. सुरुवातीला जरा जड जातं, मग सवय होते.

पण विषय काढू नकोस म्हणालास म्हणून मी गप्प बसणार नाही. आई अठ्ठ्याहत्तरची आहे आणि एकटी आहे. तू रविवारी जातोस, तुझी बायको बुधवारी जाते, हे मी मोजून पाहिलंय. उरलेले पाच दिवस तिच्याकडे कोण बघतं? माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे. पलंग घेतलाय, पडदेही शिवले. तू तिला सांभाळतोस हे मान्य, पण एक शब्द आत्ताच देऊन ठेव. तिला काही झालं, साधं बोट जरी मोडलं, तरी मी तिला घेऊन येईन आणि तू मध्ये पडणार नाहीस.

फोनवर तू नुसतं हूं हूं करतोस. लिहायला बसलास की खरं लिहितोस, म्हणून हे पत्रातूनच ठरवून टाकू.

ताई


४ ऑक्टोबर

ताई,

शब्द दिला. वेळ येणार नाही, म्हणून खुशाल देतो.

चौदा दारं झाली. तळमजल्याच्या बाईंना दाराचा रंग पडद्यांना जुळणारा हवा होता. त्यांना समजावता समजावता एक अख्खी सकाळ गेली. पाचव्या मजल्यावर बिजागरीचं एक भोक दोन सुतांनी चुकलं, तर वस्तादने सगळं पुन्हा उतरवायला लावलं. म्हणाला, आज दोन सूत सोडलेस तर वर्षाने दार जमिनीला घासेल आणि माझं नाव निघेल. त्याचं नाव कोणाला माहीत आहे कोणास ठाऊक, पण उतरवलं.

घड्याळवाले काका जिन्यात भेटले की मान वळवून जातात. त्यांचं दार शेवटी ठेवलंय. माणूस रागाला आलाय तर त्याच्या नाकासमोर हातोडी कशाला आपटा.

आई बरी आहे, थोडी गप्प वाटते. रविवारी गेलो तर दारापाशीच खुर्ची घेऊन बसली होती. मला विचारलं, “अरे, या दारातून बाहेरचं काही ऐकू येतं का?” मी म्हटलं, अजिबात नाही, बाहेर ढोल वाजवले तरी तुला पत्ता लागायचा नाही. मग दार लावून, वस्तादला बाहेर उभं करून, त्याला ओरडायला लावून ते सिद्धही करून दाखवलं. ती म्हणाली, “छान झालं.” आईच्या तोंडून कामाचं कौतुक निघायला मला पंचवीस वर्षं लागली, ताई. मी त्या खुशीत घरी चालत गेलो.

बारक्या


१७ ऑक्टोबर

बारक्या,

आईचं मोठं पत्र आलं. चार पानं आहेत. दाराबद्दल चांगलंच लिहिलंय. तू फार मायेने केलंस म्हणते.

मी ठीक. काम फार आहे. एक सहज विचारते, ती खालची पट्टी नंतर काढता येते का रे? आणि दुसरं रबर? खास कारण काही नाही, आपलं मनात आलं म्हणून.

खोलीत एक दिवा आणलाय, उशाशी ठेवायचा.

ताई


३० ऑक्टोबर

ताई,

पट्टी काढता येते, चार स्क्रू आहेत. पण काढायची कशाला? मी ती मुद्दाम बनवून घेतली. तुझ्या डोक्यात काय शिरेल सांगता येत नाही. इथं थंडी सुरू झाली आणि आईच्या बाहेरच्या खोलीत पायाला गारवा लागत नाही, हे मी स्वतः अनवाणी उभं राहून पाहिलं.

दोनच दारं राहिली. एक तळमजल्याचं, बाईंना शेवटी रंग पसंत पडला. दुसरं काकांचं. परवा मीच त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तारीख दिली, चौदा नोव्हेंबर. वादावादी केली नाही. घरभर घड्याळं लावलीत, सगळी अगदी एका ठोक्यावर चालतात. निघताना म्हणाले, “तुमच्या आईंची तब्येत बरी आहे ना?” मला हसू आलं. चार पावलांवर राहतात आणि मला विचारतात. म्हटलं, अगदी ठणठणीत आहे.

चोवीस पूर्ण झाली की तुला शेवटच्या दाराची सगळी हकिगत लिहीन.

बारक्या


१७ नोव्हेंबर

ताई,

घाईत लिहितो. आईला जरा ताप आहे, अशक्तपणा आहे. आम्ही सगळे जवळ आहोत, काळजी करू नकोस. ती आठपंधरा दिवस पत्र लिहिणार नाही, हात दुखतो म्हणते. थंडी बरीच आहे. मुलं मजेत.

बारक्या


२८ नोव्हेंबर

बारक्या,

तुझं पाच ओळींचं पत्र मी दहादा वाचलं. त्यात चोविसावं दार नाही.

ज्या माणसाने मला दोन सूत चुकलेल्या भोकावर अर्धं पान लिहिलं, त्याने आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम संपवलं आणि एक ओळ लिहिली नाही? थंडी बरीच आहे म्हणे. दाराचा विषय सोडून नुसत्या थंडीबद्दल लिहिताना मी तुला आजवर पाहिलेलं नाही. आईला साधा ताप असता तर तिने तापातही मला दोन ओळी खरडल्या असत्या, आणि त्यात तुझी तक्रार केली असती.

काय झालंय ते मला लिही, जसं झालं तसं. माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून काही गाळू नकोस. मी इतकी लांब आहे की मला खोट्यावर दिवस काढता येत नाहीत.

ताई


९ डिसेंबर

ताई,

तू ओळखलंस. लहानपणीही तुझ्यापुढे माझं खोटं दोन वाक्यांच्या वर टिकलं नाही.

आई पडली. तेरा तारखेला, गुरुवारी सकाळी, स्वयंपाकघरात. वाटी घेऊन वळली आणि पाय सरकला. खुब्याचं हाड मोडलं. तिथून ती सरपटत बाहेरच्या खोलीत दारापर्यंत आली. कडीपर्यंत हात पोचणं शक्य नव्हतं. वाटी हातातच होती, तीच ती दारावर वाजवत राहिली. दाराच्या पत्र्यावर, जमिनीपासून हातभर उंचीवर, वाटीच्या कडेचे पोचे आलेत. मी ते मोजायला बसलो होतो, मग उठलो.

त्या दिवशी जिन्यावरून चढणारी-उतरणारी माणसं मनात मोजून पाहिली. तीसच्या वर होतात. काका एकटेच चारदा गेले-आले असतील. कोणाला काही ऐकू गेलं नाही. जाऊ नये म्हणूनच मी ते दार तसं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी नऊ वाजता, वस्ताद आणि मी काकांचं दार बदलायला गेलो. आईचं दार तिथून चार पावलं. मी बेल दाबली नाही. म्हटलं, आत्ता गेलो तर ती बसवून ठेवेल, जेवायच्या सुट्टीत जाऊ. दोन तास मी तिथं शीळ घालत काम करत होतो, ताई. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

अकराच्या सुमारास नवी चौकट उभी राहिली. मी आतून दोनदा वाजवलं, बसलं म्हणून. वस्ताद जागचा हलला नाही. त्याचा तळहात चौकटीवर तसाच होता. म्हणाला, “भाऊ, तू परत वाजवलंस का?” मी नाही म्हटलं. तो म्हणाला, “मग दुसरं कोणीतरी वाजवतंय. दोनदा. भिंतीतून येतंय.” तो भिंतीवर हात फिरवत फिरवत आईच्या दाराशी गेला आणि तिच्या चौकटीवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिला. मी हातोडी टाकून धावलो.

माझ्याकडे किल्ली होती, पण दार उघडेना, कारण आई त्याला टेकून पडली होती. बोटबोट करत सरकवलं. ती खाली कलंडली होती आणि वाटी चौकटीच्या पायाशी लागत होती. शुद्धीवर होती. माझ्याकडे बघून म्हणाली, “आला का?” मी म्हटलं, आलो. तिने मान हलवली, नाही म्हटल्यासारखी. गेलेल्या बाबांना शोधत असावी असं मला वाटलं.

शनिवारी शस्त्रक्रिया झाली. हाड बसलं आहे. डोकं अगदी ताळ्यावर आहे, नर्सशी भांडते. दाराबद्दल मी काही बोलायला गेलो तर म्हणाली, “दार चांगलं आहे. त्याला बोल लावू नकोस.” काका रोज दवाखान्यात येतात. आत येत नाहीत, बाहेरच्या बाकावर तासभर बसतात आणि जातात. ‘मी सभेत सांगितलं होतं,’ असंच काकांच्या मनात असणार. खरंच आहे ते. मी त्यांच्यासमोरून खाली मान घालून जातो.

डॉक्टर म्हणतात, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात घरी सोडतील. चालायला आधाराचा वॉकर लागेल. कुठल्या घरी, ते त्याआधी ठरवायला हवं. मी तुला शब्द दिला होता. घेऊन जा. मी मध्ये पडणार नाही. तिला विचारलं तर ती एवढंच म्हणते की मला माझ्या घरी सोडा. पण तिचं घर आता मी बसवलेल्या दाराच्या आत आहे आणि त्या दाराआड तिला पुन्हा एकटी ठेवायला माझे हात धजत नाहीत.

बारक्या


२० डिसेंबर

बारक्या,

तुझं पत्र वाचून मी कामावर गेले नाही. आधी तुझ्यावर इतकी चिडले की चार पानं लिहिली. मग ती फाडली, कारण त्यातला एकेक शब्द मलाच लागू होता.

आईचं ऑक्टोबरातलं पत्र मी तुला दाखवलं नाही. दाराबद्दल चांगलं लिहिलंय एवढंच कळवलं. आता त्यातला तुकडा जसाच्या तसा उतरवून देते.

“एक सांगते, बारक्याला कळवू नकोस. तुझे बाबा गेले तेव्हापासून समोरचे रोज सकाळी सव्वासहाला दूध आणायला उतरताना माझ्या दारावर दोनदा वाजवतात. मी आतून दोनदा वाजवते. मग ते खाली जातात. बारा वर्षं झाली. यावर आम्ही कधी एक शब्द बोललो नाही. बोलण्यासारखं काय आहे त्यात? मी उठले हे त्यांना कळतं, आणि कोणीतरी विचारलं हे मला कळतं. नवं दार आल्यापासून त्यांचं वाजवणं बंद झालं. मी आपणहून चारपाच दिवस वाजवून पाहिलं, उत्तर नाही. सभेत हात वर केला त्याचा राग आला असेल. बेल आहे, पण बेल दाबली की दार उघडावं लागतं, मग उभं राहून काय बोलायचं? बारक्याने फार मायेने दार केलंय. त्याला कळलं तर उगीच मनाला लावून घेईल.”

वाचल्यावर मला लगेच कळलं, बारक्या. राग-बीग काही नाही, दारच बहिरं आहे. मी सात वर्षं तशाच दाराआड राहते, मला कळणार नाही तर कोणाला? एका ओळीने तुला सांगता आलं असतं. मी पट्टीबद्दल विचारलं आणि तिथेच थांबले. आईने सांगू नकोस म्हटलं होतं, असं मी स्वतःला बजावलं. ते अर्धं खरं. उरलेलं अर्धं लिहायला आज बसले आहे. मला वाटलं, तिथलं तिचं मन उडालं तर ती आपोआप माझ्याकडे येईल. म्हणून मी गप्प राहिले आणि दिवा आणला.

ती “आला का” म्हणाली ते बाबांना नव्हतं. तुझ्या हातोडीचे दोन ठोके तिला काकांचे वाटले असणार. हाड मोडलेलं, रात्रभर गारठ्यात पडलेली, आणि त्यांना काळजी नको म्हणून तिने दोनदा उत्तर दिलं.

मी तिला इथे आणून काय देणार आहे? माझ्या समोरच्या दारामागे कोण राहतं ते मला सात वर्षांत माहीत नाही. मी पडले तर कवळ्या वेळेवर गेल्या नाहीत म्हणून दवाखाना फोन करेल, तोही दुसऱ्या दिवशी. हे तुला कधी लिहिलं नाही, कारण तू मला परत बोलावलं असतंस.

शब्द मी परत घेते. ती कुठे राहील ते तिला ठरवू दे. तिच्या घरी राहायचं म्हणाली तर ते दार कसं करायचं ते तू बघ, त्यातलं तुला कळतं. आणि हे पत्र लपवू नकोस. वाटलं तर तिला वाचून दाखव.

ताई


१२ जानेवारी

ताई,

तुझं पत्र मला कारखान्यात मिळालं. वाचलं, आणि टेबलावरची सगळी हत्यारं खाली काढून ठेवली. आईचं दार वस्तादच्या मदतीने उभं केलं. आतला डाग कडीच्या वीतभर वर. बाहेरचा त्याहून चार बोटं वर, कारण काका उंच आहेत. मी त्या दोन्हीवर बोट ठेवून बराच वेळ उभा राहिलो. पॉलिश, लाकूड, झीज यातलं मला सगळं कळतं असं मी समजत होतो. बारा वर्षं दर रविवारी त्या दारातून आत गेलो आणि एकदाही कोणाला विचारलं नाही.

तिथून काकांकडे गेलो. आत बोलावलं, बसवलं. मी सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “नवं दार आल्यावर मी नऊ दिवस वाजवलं. आतून काही नाही. म्हटलं, मुलाच्या कामाला मी नावं ठेवली, रागावणारच. मग वाजवायचं सोडलं. पण रोज थांबायचो. हात वर करायचो आणि खाली घ्यायचो.” मी विचारलं, त्या गुरुवारी? ते म्हणाले, “त्या गुरुवारीही.” दवाखान्यातल्या बाकावर ते मला दोष द्यायला येत नव्हते, ताई. स्वतःला देत बसले होते.

आई घरीच जायचं म्हणाली, तेव्हा मी दाराच्या मागे लागलो. जुनं परत लावता येत नाही, तपासणीवाले इमारतीचा दाखला रद्द करतील. पट्टी काढली, दुसरं रबर काढलं. वस्तादला बाहेरून वाजवायला लावलं. आतल्या खोलीत काहीच पोचत नाही, लोकर सगळं गिळते. दिवसभर खटपट करून मी जिन्यात बसलो, तोंड पाडून. वस्ताद शेजारी बसला आणि म्हणाला, “भाऊ, आपण दारावर कधी वाजवतो का? चौकटीवर वाजवतो.”

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. पंचवीस वर्षं रोज करतो ते. आई दारावर वाटी आपटत होती तेव्हा चौकट तिच्या हातापासून वीतभर होती, आणि मी तिला ते कधी सांगितलं नव्हतं. हे माझ्याबरोबर राहील.

आईला आठ तारखेला घरी आणलं. तिचा पलंग बाहेरच्या खोलीत, चौकटीला हात पोचेल असा लावला. चौकटीत भोक पाडून एक चमचा दोरीने टांगला. आईने विचारलं हा कशाला, मी म्हटलं असू दे. दिवसभर एक बाई येते, आणि महिनाभर आम्ही नवराबायको आळीपाळीने तिथं झोपणार आहोत. काकांना मी एवढंच सांगितलं, दारावर नको, चौकटीवर वाजवा, किल्लीने. आईला काही सांगितलं नाही. त्या दोघांनी ज्यावर बारा वर्षं शब्द काढला नाही, त्यात मी कशाला तोंड घालू?

नऊ तारखेला सकाळी मी सहापासून जागा होतो. आईही जागी होती, छताकडे बघत. सव्वासहाला चौकटीवर दोन ठोके आले, बारीक पण स्वच्छ. आई हलली नाही. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग तिने मान वळवून त्या चमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात लांब करून दोनदा वाजवलं. बाहेर थोडा वेळ काहीच झालं नाही. मग वहाणा जिना उतरत गेल्या. मी चौकटीवर हात ठेवून होतो म्हणूनच ते मला कळलं, कारण त्या लोखंडात पावलांची थरथर येते.

आई म्हणाली, “आज चहा जरा लवकर ठेव.” मी स्वयंपाकघरात गेलो आणि तिथं रडून घेतलं.

दुपारी तिला तुझं पत्र वाचून दाखवलं, सगळं, तू लिहिलेलं ते उरलेलं अर्धंसुद्धा. ती रागावली नाही. मग कागद मागितला. खाली तिच्या अक्षरात आहे ते तिचं.

बारक्या


पोरी,

सांगू नकोस असं मीच म्हटलं होतं, तेव्हा चुकलं असेल तर आधी माझं. पडदे शिवलेस ते राहू देत, चालता आलं तर उन्हाळ्यात महिनाभर येईन. तोवर एक कर. तुझ्या दाराची चौकट लोखंडी आहे की लाकडी, ते पाहून कळव. आणि समोर कोण राहतं, तेही.

आई